गंधपुऱ्याच्या वासात पावणेतीन वर्षं

१२ नोव्हेंबर २०२४ ला शेवटच्या बिलाचे पैसे खात्यात जमा झाले आणि आमचं एसबीआयआर फेज वन संपलं. एसबीआयआर म्हणजे लहान कंपन्यांना संशोधनासाठी पैसे देणारी अमेरिकन सरकारची योजना. सुरुवात केली होती फेब्रुवारी २०२२ मध्ये. मधल्या काळात काय काय झालं ते क्रमाने लिहून ठेवते आहे. अमेरिकेत छोटी कंपनी चालवणारे, प्रयोगशाळेत रमणारे पण सरकारी कागद बघितला की पोटात गोळा येणारे माझ्यासारखे बरेच जण आहेत. त्यांना यातलं काही उपयोगी पडलं तर बरं.

आधी थोडी ओळख, आमच्या वेळच्या नियमांची. इथल्या ज्या सरकारी खात्यांचं बाहेरून संशोधन करून घेण्याचं बजेट वर्षाला १० कोटी डॉलरच्या वर असतं, त्यांना त्यातला ३.२ टक्के हिस्सा लहान कंपन्यांसाठी बाजूला काढावा लागतो. मूळ कायदा १९८२ चा. लहान म्हणजे ५०० माणसांपर्यंत. आम्ही चार होतो, त्यातली अकाउंटंट अर्धवेळ. कंपनीची निम्म्याहून जास्त मालकी नागरिकांची किंवा ग्रीन कार्डवाल्यांची हवी. फेज वनमध्ये कल्पना चालेल की नाही ते दाखवायचं, फेज टूमध्ये नमुना बनवायचा. फेज थ्री म्हणजे विक्री, आणि तिला या योजनेतून एक डॉलरही मिळत नाही.

आमचा विषय होता संरक्षण खात्याच्या रासायनिक आणि जैविक बचाव कार्यक्रमातला. त्याच्या संशोधनाची बाजू व्हर्जिनियात फोर्ट बेल्व्हॉरला असलेली डिफेन्स थ्रेट रिडक्शन एजन्सी बघते. 'बचाव' हा शब्द मी आईला फोनवर किमान दहा वेळा सांगितला असेल. तरी तिचं पालुपद एकच: "विषाबिषाला हात लावू नकोस गं."

लावलाही नाही. सरीन, मस्टर्ड वगैरे युद्धातले विषारी पदार्थ १९९७ साली लागू झालेल्या रासायनिक अस्त्रबंदी कराराच्या पहिल्या यादीत येतात. ते हाताळायची परवानगी मोजक्या प्रयोगशाळांनाच असते. आमच्यासारख्यांनी वापरायचे ते त्यांचे तोतये, म्हणजे वागायला थोडेफार तसे पण त्या मानाने निरुपद्रवी पदार्थ. मस्टर्डच्या वाफेऐवजी सर्रास वापरतात ते मिथाइल सॅलिसिलेट, म्हणजे आपलं गंधपुरा तेल. बाटली पहिल्यांदा उघडली तेव्हा प्रयोगशाळाभर आजीच्या गुडघ्यांचा वास सुटला. तो आजतागायत गेलेला नाही.

फेब्रुवारी ते जून २०२२

पहिलं काम नोंदणीचं. सॅम नावाच्या सरकारी संकेतस्थळावर कंपनी नोंदवल्याशिवाय पान हलत नाही. मी ही नोंदणी अर्ध्या दिवसाचं काम समजून बसले होते. लागले सात आठवडे. चूक आमचीच होती. कंपनीच्या स्थापनेच्या कागदावर पत्ता 'स्वीट बी' आणि विजेच्या बिलावर 'युनिट बी'. माणसाला ही एकच जागा वाटते, पडताळणीला वाटत नाही. त्यातच ४ एप्रिल २०२२ ला कंपनीच्या ओळखीचा जुना डन्स क्रमांक जाऊन नवा यूईआय क्रमांक आला आणि आमचा अर्ज नेमका त्या सांध्यात अडकला. तेव्हा नाव आणि पत्ता सगळ्या कागदांवर स्वल्पविरामासकट एकसारखा आहे का, ते आधी बघून घ्या. ही नोंदणी पूर्णपणे फुकट आहे. ती झाल्याझाल्या 'तुमचं नूतनीकरण बाकी आहे, ५९९ डॉलर भरा' अशा ईमेल यायला लागतात, त्या सरळ कचऱ्यात टाका. नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं, पण तेही फुकटच.

संरक्षण खातं ज्यांवर अर्ज मागवतं ते विषय जाहीर होतात तेव्हा आधी काही आठवडे 'प्री-रिलीज' असतो. या काळात विषय लिहिणाऱ्या तज्ज्ञाशी थेट बोलता येतं. अर्ज खुले झाले की थेट बोलणं बंद, पुढचे प्रश्न सगळ्यांना दिसतील असे लेखी विचारायचे. हे मी वाचलं होतं. तरी फोन केला नाही. आपला प्रश्न बावळट वाटेल ही भीती, दुसरं काही नाही.

आमची कल्पना अशी होती. गॅस मास्कच्या फिल्टरमध्ये दोन थर असतात. घड्या घातलेल्या कागदासारखा थर धूळ, जंतू, बारीक थेंब अडवतो. त्याच्यामागे असतो कोळसा, तो वाफा आणि वायू शोषतो. हायड्रोजन सायनाइडसारखे लहान रेणू नुसत्या कोळशाला धरून ठेवता येत नाहीत, म्हणून त्याला तांबं, चांदी, जस्त, मॉलिब्डेनम आणि टीईडीए नावाचं एक रसायन चढवलेलं असतं. पूर्वी क्रोमियमही असायचं, पण ते कॅन्सरला कारण ठरू शकतं म्हणून नंतर काढून टाकलं. गोम अशी, की कोळसा किती भरला हे बाहेरून कळत नाही. पाण्याची टाकी निदान वाजवून तरी बघता येते. आमच्याकडे रंग बदलणारी एक पट्टी होती. फिल्टरच्या डब्याला बारीक खिडकी करायची, आत पट्टी बसवायची, कोळसा भरत आला की पिवळ्याचं जांभळं. मला ती पट्टी फार सुंदर वाटायची.

तांत्रिक भाग वीस पानांचा, अक्षर दहा पॉइंटपेक्षा लहान नको, चारी बाजूंना एक इंच समास. एकविसावं पान कोणी वाचत नाही. आमच्या वीसपैकी तेरा पानं पट्टीच्या रसायनशास्त्रावर गेली.

शेवटच्या दिवशी मुदत दुपारी बाराची. रात्री बाराची नव्हे, हे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावा. अकरा वाजता सगळं चढवून झालं, पडद्यावर '१०० टक्के पूर्ण' दिसलं आणि मी चहा टाकला. अर्ज पूर्ण होणं वेगळं आणि सादर होणं वेगळं, हे चहा गाळताना लक्षात आलं. कंपनीच्या अधिकृत माणसाने आत जाऊन प्रमाणित करायचं असतं. तो अधिकृत माणूस म्हणजे माझा पार्टनर. लॉगिनचा कोड त्याच्या फोनवर, आणि तो डेंटिस्टच्या खुर्चीत. त्याने तोंडात कापसाचे बोळे असताना सहा आकडे सांगितले. मला 'सात' ऐकू आलं, तो 'आठ' म्हणत होता. दुसऱ्या कोडला जमलं. ११ वाजून ४१ मिनिटं.

नकार

सप्टेंबरमध्ये चार ओळींची ईमेल आली: निवड झाली नाही. दोन दिवस मी कोणाशी धड बोलले नाही. मग अभिप्राय मागवला. तो मागावा लागतो आणि त्याला मुदत असते. ईमेलमध्येच कसा मागायचा ते दिलेलं असतं, नकाराच्या दुःखात तिथवर वाचायचं राहून जातं.

परीक्षण तीन गोष्टींवर होतं: कल्पनेचा तांत्रिक दम, माणसांची लायकी आणि पुढे ते विकलं जाण्याची शक्यता. आमच्या रसायनशास्त्राचं कौतुक होतं. पुढे तीन ओळी होत्या. एक, दमट हवेत काय होणार याचा विचार नाही. कोळसा पाणीही शोषतो, आणि आमची पट्टी पाण्यालाही फसत होती. ते आम्हाला माहीत होतं आणि आम्ही सफाईने टाळलं होतं. दोन, सैन्याबाहेर गिऱ्हाईक कोण, याला अर्धा परिच्छेद. तीन, 'मास्क घालणाऱ्याला ही खिडकी कशी दिसणार, हे स्पष्ट होत नाही.'

तिसरी ओळ वाचून मी चिडले. खिडकी आहे, दिसणार नाही तर काय? मग इंटरनेटवर सैन्याच्या एम-५० मास्कचा फोटो बघितला. फिल्टर दोन, दोन्ही गालांवर. स्वतःचा गाल कोणाला दिसतो?

गॅरेज

विषय दर फेरीत येतोच असं नाही. आमच्याशी जुळणारा पुढचा विषय यायला जवळजवळ वर्ष गेलं. पोट कंपनीच्या दुसऱ्या उत्पादनावर आणि माझ्या नोकरीवर चाललं होतं. या काळात केलेलं सगळ्यात कामाचं काम ६० डॉलरचं होतं: जुन्या सैनिकी सामानाच्या दुकानातून ब्युटाइल रबराचे हातमोजे आणि एक कालबाह्य मास्क आणला. मास्क फक्त चेहऱ्यावर चढवून बघायला; जुने फिल्टर कोणी खरोखर वापरू नयेत.

एका रात्री गॅरेजमधला दिवा बंद करून मी मास्क चढवला, मोजे घातले. नवरा फ्रीजवर चिकटवायची रंगीत चुंबकं हातात घेऊन समोर उभा. माझं काम, जांभळं कुठलं ते सांगायचं. अंधारात जांभळं, निळं, काळं सगळं एकच. टॉर्च लावायला गेले तर मोज्यातल्या बोटांना बटण सापडेना. श्वासाने काच धुरकटली. चौथ्या मिनिटाला मी घामाघूम होऊन मास्क ओढून काढला आणि नवरा म्हणाला, "हे पिवळं होतं."

तेरा पानं लिहिली होती मी त्या रंगावर.

दुसरा प्रयत्न, ऑगस्ट ते ऑक्टोबर २०२३

या वेळी प्री-रिलीजच्या तिसऱ्याच दिवशी ईमेल टाकली आणि वीस मिनिटांचा फोन मिळाला. सल्ला एवढाच: तुमची कल्पना विकू नका, विचारा. मी विचारलं, आज जे वापरात आहे त्यात तुम्हाला काय खुपतं? पलीकडचा माणूस पंधरा मिनिटं बोलला. अंधार, मोजे, दमट हवा, आणि आधीच खचाखच भरलेल्या सैनिकाच्या पाठीवर आणखी एक बॅटरी नको. मी नुसती लिहीत गेले. आमचे तर्क बरोबर निघाले याच्या आनंदापेक्षा, हाच फोन वर्षापूर्वी केला असता तर, ही चुटपुट जास्त लागली.

रंग गेला. त्याच्या जागी वीज वाहणारी पातळ पट्टी आली, जिचा रोध कोळसा भरताना बदलतो. वाचन यंत्र नाण्याएवढं, फिल्टरला टेकवायचं, ते थरथरून सांगणार. बॅटरी त्या यंत्रात, आणि यंत्र दहा जणांत एक. शेजारी दुसरी पट्टी, फक्त दमटपणा मोजणारी. तिचा आकडा पहिलीतून वजा करायचा. सैन्याबाहेरच्या गिऱ्हाइकाचं उत्तरही सापडलं. इथल्या कामगार सुरक्षेच्या नियमांनुसार वायूच्या मास्कचे फिल्टर एकतर आयुष्य संपल्याचं दाखवणारे हवेत, नाहीतर ते कधी बदलायचे याचं वेळापत्रक हवं. बहुतेक कारखाने वेळापत्रकावर चालतात आणि सावधगिरी म्हणून धड फिल्टर टाकून देतात. त्यावर दीड पान लिहिलं.

अर्ज लिहून देणाऱ्या सल्लागाराने काही हजार डॉलर सांगितले, ते परवडणारे नव्हते. त्याऐवजी एपेक्स अ‍ॅक्सिलरेटर गाठलं. आधी त्याला पीटॅक म्हणत. सरकारी कंत्राटांबद्दल मार्गदर्शन करणारं हे केंद्र आहे आणि फी नाही. तिथल्या बाईंनी आमचं खर्चपत्रक अक्षरशः ओळ न् ओळ तपासलं. फेज वनमध्ये निदान दोन तृतीयांश काम कंपनीने स्वतः करावं लागतं. आमचं बाहेरच्या प्रयोगशाळेचं बिल त्या रेषेला चिकटलं होतं, ते त्यांनी पकडलं.

आता अवघड भाग. विषयावर निर्यात नियंत्रणाचा शिक्का होता. म्हणजे जो नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नाही त्याला ही तांत्रिक माहिती दाखवणं हीसुद्धा 'निर्यात', मग तो शेजारच्या खुर्चीत का बसलेला असेना. आमचा तरुण सहकारी एच-वन-बी व्हिसावर. दुसरी पट्टी वजा करायची मूळ युक्ती त्याची. प्रकल्पात परदेशी नागरिक घ्यायचा तर अर्जात त्याची माहिती द्यायची आणि वेगळी परवानगी लागू शकते. सहा महिन्यांच्या कामात ती कधी हाती येणार? वकिलाने एका तासाचे ४०० डॉलर घेऊन हेच सांगितलं.

त्याला सांगायचं माझ्यावर आलं. तो बराच वेळ कपाच्या कानाशी खेळत राहिला. मग म्हणाला, "ताई, मग मी कुठे बसू?" खरंच तोच प्रश्न होता. आमची प्रयोगशाळा एकच, फळा एकच. शेवटी प्रकल्पाच्या कपाटाची किल्ली वेगळी, संगणकावरचे फोल्डर वेगळे, कामाच्या वेळा वेगळ्या, आणि संध्याकाळी फळा पुसायचा, असं ठरवून लिहून ठेवलं. पगार तोच राहिला, काम दुसऱ्या उत्पादनावर. त्याने कधी तक्रार केली नाही. केली असती तर मला सोपं गेलं असतं.

या खेपेला परदेशी संबंध जाहीर करण्याचा एक नवा भागही होता, २०२२ च्या कायद्याने आलेला. परदेशी सरकार, संस्था, गुंतवणूक यांच्याशी मालकांचे आणि मुख्य माणसांचे काय संबंध, ते सगळं. आपल्याकडे जन्मलेल्यांनी यात घाबरण्यासारखं काही नाही, पण विसरून 'नाही' लिहिणं मात्र महागात पडू शकतं. मी जुनी कागदपत्रं उपसून तीन संध्याकाळी घालवल्या.

अर्ज मुदतीच्या दोन दिवस आधी सादर केला. पार्टनर शेजारी बसला होता, दात शाबूत.

होकार, आणि राजीनाम्याचा पेच

१९ जानेवारी २०२४ ला निवड झाल्याची ईमेल आली. पण निवड म्हणजे कंत्राट नव्हे. निकाल साधारण नव्वद दिवसांत आणि कंत्राट १८० दिवसांत, हे उद्दिष्ट असतं. तारीख कोणी देत नाही. आणि नियम असा की मुख्य संशोधकाचं निम्म्याहून जास्त काम कंत्राटाच्या वेळी छोट्या कंपनीतच हवं. मी तेव्हा दुसरीकडे पूर्णवेळ नोकरीत. घरचा आरोग्य विमा त्या नोकरीतून. लवकर सोडली तर पगार नाही, उशिरा सोडली तर कंत्राट नाही.

मी १५ मार्चला सोडली. कंत्राटावर सही झाली २९ एप्रिलला. साडेसहा आठवडे बचतीवर काढले, वर विम्याचे महिन्याला साधारण १,९०० डॉलर. तुम्ही निदान तीन महिन्यांची तजवीज ठेवा. कोणी विचारलं की 'मजेत' म्हणायचे, आणि रात्री दोनला उठून ईमेल बघायचे.

मधल्या काळात कंत्राट अधिकाऱ्याचे प्रश्न येत राहिले. तासाचा दर कसा ठरवला? हे यंत्र विकत का, भाड्याने का नाही? उत्तरं त्याच दिवशी द्या. सायबर सुरक्षेचं स्वमूल्यमापनही याच वेळी: ११० कलमं, पैकीच्या पैकी म्हणजे ११०, आणि गुण शून्याखाली उणे २०३ पर्यंत जाऊ शकतात. आमचे पहिले गुण उणे ४७. शाळेत गणितातसुद्धा मला उणे पडले नव्हते. आकडा खरा लिहायचा आणि सुधारणेची योजना जोडायची, हाच सल्ला मिळाला आणि तो बरोबर होता.

एकूण रक्कम दीड लाख डॉलरच्या थोडी वर, मुदत सहा महिने, दर महिन्याला अहवाल आणि ठरलेलं बिल. पहिलं बिल परत आलं, कारण मी दस्तऐवजाचा प्रकार चुकीचा निवडला होता. कोणता प्रकार आणि कोणते कोड, हे कंत्राटातच एका तक्त्यात छापलेलं असतं. माझ्या प्रतीत ते ३१ व्या पानावर होतं, आणि मी तिसाव्या पानावर थांबले होते.

सहा महिने

प्रयोगाबद्दल जास्त लिहिता येत नाही, पण एवढं सांगते. कोरड्या हवेत पट्टी पहिल्याच महिन्यात शहाण्यासारखी वागली. ८० टक्के आर्द्रतेला तिने जुलैभर रडवलं. ऑगस्टमध्ये लक्षात आलं की दमटपणा मोजणारी पट्टी फिल्टरच्या कडेला बसवली होती आणि तिथे हवा हळू पोहोचते. ती मध्यभागी आणली. सप्टेंबरअखेर दहा नमुन्यांपैकी सात वेळेवर थरथरले, दोन फार लवकर, एक अजिबात नाही. अहवालात त्या एकाबद्दल दोन पानं लिहिली. गेल्या वेळच्या नकारातून शिकलेलं हेच: जे लपवतो तिथेच परीक्षकाचं बोट पडतं.

अहवाल पाठवण्याआधी पानांवर एसबीआयआर डेटा हक्काचा ठरलेला मजकूर छापायला विसरू नका. तो असला की तुमची तांत्रिक माहिती वीस वर्षं राखली जाते. नंतर छापू म्हटलं तर निस्तरणं कठीण जातं.

शेवटचा अहवाल २५ ऑक्टोबरला गेला, पैसे १२ नोव्हेंबरला आले. माझ्या हिशेबाने दोन्ही अर्जांचे मिळून सव्वाचारशे तास गेले, त्यांचे पैसे कोणी देत नाही.

फेज टूचा प्रस्ताव २० नोव्हेंबरला सादर केला. त्या दिवसापासून पोर्टलवर 'मूल्यमापन सुरू' हे दोन शब्द आहेत आणि मी ते दिवसातून एकदाच बघायचं ठरवलं आहे. प्रयोगशाळेत अजून गंधपुऱ्याचा वास येतो. निर्यातीचा शिक्का कायम आहे, त्यामुळे सहकारी अजूनही दारावर टकटक करून थांबतो. मी फळा पुसते, कपाटाला किल्ली लावते, आणि मग त्याला आत बोलावते.